जागा मिळेल तिथून

गणपतीच्या दहा दिवसांत हडपसरमधल्या आमच्या माळवाडीच्या गल्लीत एक-दोन रात्री पडदा लागायचा. दोन खांबांच्या मध्ये पांढरं कापड ताणून बांधायचं आणि वाऱ्याने फुगू नये म्हणून खालच्या टोकांना विटा लटकवायच्या. समोर संध्याकाळपासूनच पोती, चटया, सतरंज्या टाकून जागा धरलेल्या असत. आरती-प्रसाद आटोपून दहाच्या सुमाराला १६ एमएमचं मशीन घरघरायला लागलं की उशिरा येणाऱ्यांसाठी एकच जागा उरायची, पडद्याच्या मागची. मी आणि माझी ताई बहुतेक वेळा तिथेच असायचो, कारण रात्रीची भांडी घासून झाल्याशिवाय आई आम्हाला सोडायची नाही.

मागून सिनेमा पूर्ण दिसतो, फक्त उलटा दिसतो. नावांची अक्षरं आरशातल्यासारखी येतात, उजव्या हाताने जेवणारा माणूस डावखुरा होतो. 'धूमधडाका' मी पहिल्यांदा असा पाहिला, तिसरीत असताना. अशोक सराफ श्रीमंत बापाचं सोंग घेऊन येतात आणि बोलता बोलता त्यांना खोकल्याच्या उबळीसारखं ते हसू फुटतं, तेव्हा पडद्याच्या पुढचं आणि मागचं हसू एकाच क्षणी उठलं. मला तो आवाज अजून आठवतो. पुढचे लोक आम्हाला दिसत नव्हते, आम्ही त्यांना दिसत नव्हतो, मध्ये एक कापड होतं आणि दोन्हीकडची माणसं एकाच गोष्टीला हसत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मा वर्ग तसाच खोकत होता.

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की महेश कोठारे यांनी दिग्दर्शक म्हणून केलेल्या या पहिल्या चित्रपटाचं मूळ १९६४च्या 'कादलिक्क नेरमिल्लै' या तमिळ चित्रपटात आहे आणि मध्ये १९६६ साली 'प्यार किये जा' हा हिंदी अवतारही होऊन गेला आहे. ते कळल्याने माझं त्या रात्रीचं हसू रतीभरही कमी झालं नाही. या पुस्तकाचा स्वभाव वाचकाला इथेच कळावा, म्हणून हे आधी सांगितलं. ऐंशीच्या दशकातल्या छत्तीस मराठी चित्रपटांविषयी एका साध्या प्रेक्षकाला जे वाटलं, ते इथे आहे. चित्रपट कसा पाहावा याचं शिक्षण मी घेतलेलं नाही. मी औषधांच्या एका कंपनीत हिशेबाचं काम केलं आणि सिनेमा जागा मिळेल तिथून पाहिला: पडद्यामागून, घरमालकांच्या उंबऱ्यात बसून, टॉकीजच्या पुढच्या रांगेत मान वर करून.

गाव आणि सिनेमा

प्रेक्षक कुठे बसला होता, हे त्याच्या मताइतकंच महत्त्वाचं असतं. म्हणून थोडं माझ्या गावाविषयी, पुण्याच्या पूर्वेच्या टोकाला असलेल्या हडपसरविषयी.

खडकवासल्याहून येणारा कालवा हडपसरमधून जातो. त्या पाण्यावर इथली भाजी पिकायची आणि पुण्याच्या मंडईत जायची. आषाढीच्या वारीत दोन्ही पालख्या इथपर्यंत येतात आणि इथून वेगळ्या होतात. माउलींची दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरच्या वाटेला लागते. सोलापूर रस्त्याने माणसं जशी जातात तशी येतातही. १९७२च्या दुष्काळानंतर करमाळा, बार्शी, इंदापूरकडची कितीतरी तरुण मुलं याच रस्त्याने आली आणि इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागली. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांच्यापैकीच. करमाळ्याहून आले, टर्नर झाले आणि इथलेच झाले.

म्हणजे मी ज्या काळाविषयी लिहितो आहे तेव्हा हडपसर ना धड गाव होतं, ना धड शहर. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि त्याच वेळी भाजीच्या गाड्या निघायच्या. ऐंशीच्या दशकातला मराठी सिनेमाही मला तसाच वाटतो. तमाशाचा फड आणि पाटलाचा वाडा मागे पडत होता. फ्लॅट, ऑफिस आणि गॅरेज पुढे येत होतं. सरकारने १९७५ पासून करपरतावा योजना आणल्यामुळे निर्मात्यांना पुढचा चित्रपट काढायला हुरूप आला होता. टीव्ही आणि व्हिडिओने मुक्काम ठोकला होता. अशा वेळी प्रेक्षकाला घराबाहेर काढायचं तर त्याला हसवणं हा खात्रीचा मार्ग होता, आणि सचिन, महेश कोठारे, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांनी तो मार्ग धरला.

टीव्हीचंही ऋण मोठं आहे. सिंहगडावरच्या केंद्रामुळे १९७३ पासून पुण्यात मुंबई दूरदर्शन दिसायला लागलं होतं. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असायचा. आमच्या चाळीत टीव्ही एकच, घरमालकांकडे. खोलीत त्यांचे पाहुणे, दारात मोठी माणसं, उंबऱ्यावर आणि खिडकीच्या गजांना आम्ही. चित्रपट अर्धा झाला की बातम्या लागायच्या. त्या मधल्या वेळात बायका घरी जाऊन कुकर लावून परत यायच्या आणि पुरुष पुढे काय होणार यावर बोलायचे. समीक्षा हा शब्द कानावर पडण्याआधी मी ती त्या अंगणात ऐकली आहे.

वही

१९८८ साली, पाचवीत असताना, अण्णांनी कारखान्यातून आणलेल्या एका कोऱ्या हिशेबवहीत मी पाहिलेल्या चित्रपटांची नोंद ठेवायला लागलो. तारीख, चित्रपट, कुठे पाहिला, सोबत कोण होतं आणि एखादं वाक्य. पुस्तकातल्या प्रत्येक लेखाच्या डोक्यावर जुनी नोंद आहे तशी छापली आहे. 'धूमधडाका'सारख्या वहीच्या आधी पाहिलेल्या चित्रपटांची नोंद मी त्या वर्षी आठवून केली होती. नोंदीखाली, गेल्या चार वर्षांत तोच चित्रपट पुन्हा पाहून लिहिलेला लेख आहे. पंचविसाव्या पानावरची नोंद अशी:

'अशी ही बनवाबनवी. आई, अण्णा, ताई, मी. हसून पोट दुखलं. अण्णा मधेच हसायचे थांबले.'

हे पुस्तक खरं तर या शेवटच्या चार शब्दांमुळे झालं.

तो चित्रपट आला सप्टेंबर १९८८ मध्ये. आम्ही गाडीतळावरून पीएमटीने शहरात जाऊन पाहिला. गोष्ट पुण्यातली, चार तरुणांची. डोक्यावर छप्पर नाही आणि जागा देणाऱ्या बाईंची अट अशी, की बिऱ्हाड हवं ते जोडप्यांचंच. मग चौघांतले दोघे साड्या नेसून पार्वती आणि सुधा होतात. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६च्या 'बीवी और मकान'वरून ही कल्पना घेतलेली. पण सचिन यांनी आणि संवाद लिहिणाऱ्या वसंत सबनीसांनी ती इतकी पुण्याची करून टाकली, की घरमालकीण झाली लीलाबाई काळभोर. माझ्या वर्गात काळभोर आडनावाची चार मुलं होती. नाव ऐकताच ताईने मला कोपराने ढोसलं. सिनेमातलं कुणीतरी आमच्या शेजारच्या गावचं निघालं होतं.

टॉकीज गडगडत होतं. आईने पदराचा बोळा तोंडात धरला होता. आणि लीलाबाई जोडप्याची अट घालतात तिथे माझ्या शेजारी बसलेले अण्णा गप्प झाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे पडद्यावर होते, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. पार्वती आणि सुधा अवतरल्यावर ते पुन्हा हसले. मुलाच्या नजरेने हे टिपलं, वहीत लिहिलं आणि विसरून गेलं.

उलगडा झाला वीस वर्षांनी. एका रविवारी टीव्हीवर तोच चित्रपट लागला होता, अण्णा बाहेर गेले होते आणि आईने सहज सांगून टाकलं. अण्णा १९७३ मध्ये आले तेव्हा एका मित्राच्या खोलीत राहायचे. खाट एक, माणसं दोन. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. रविवारी दोघांनाही सुट्टी, तेव्हा एकाने देवळाच्या ओट्यावर झोपायचं. पुढे माळवाडीत एक खोली रिकामी असल्याचं कळलं. मालकीणबाईंनी विचारलं, "कुटुंब आहे ना?" अण्णांचं लग्न ठरलेलंही नव्हतं. ते म्हणाले, "आहे. गावी आहे. दिवाळी झाली की आणतो." खोली मिळाली. दिवाळी झाली. मालकीणबाई विचारायच्या आणि अण्णा सांगायचे, की तिच्या आईची तब्येत बरी नाही. असे सात महिने गेले. वैशाखात खरोखर लग्न झालं आणि आई पहिल्यांदा हडपसरला आली. ट्रंक अजून खाली ठेवली नव्हती तोवर मालकीणबाई भाकरतुकडा घेऊन दारात आल्या. ओवाळलं आणि म्हणाल्या, "आलीस बाई एकदाची. आईला आता बरं आहे ना तुझ्या?"

माझी आजी धडधाकट होती. आईने चार दिवसांपूर्वी नवरा झालेल्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आहे की. आता बरं आहे."

"तेवढ्यावरनं मला कळलं, याच्याशी आपलं जमेल," असं आई म्हणाली.

आता 'बनवाबनवी' पाहताना मला दोन चित्रपट एकदम दिसतात. एक ज्याला अख्खा महाराष्ट्र हसतो तो. आणि त्याच्या आत दुसरा, ज्यात राहायला जागा नसलेला माणूस खोटं बोलतो आणि त्या खोट्याचं ओझं वागवतो. विनोद त्या अडचणीतूनच उगवतो. चौघांना घर सहज मिळालं असतं तर साडी नेसायची वेळच आली नसती आणि चित्रपटही झाला नसता. या दशकातले बरेचसे गाजलेले विनोदी चित्रपट मी या नजरेने पुन्हा पाहिले आणि बहुतेकांच्या तळाशी एखादी साधी, खरी अडचण सापडली. 'गंमत जंमत'मध्ये (१९८७) सगळ्या उचापतीच्या मुळाशी पैशांची नड आहे. लोक तो किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांच्या गाण्यासाठी लक्षात ठेवतात, मीही ठेवतो. पण पस्तिशी ओलांडल्यावर मला ती नड आधी दिसते.

गहू निवडणारे हात

पुस्तकाचा दुसरा भाग आईचा आणि आत्याचा आहे.

'उंबरठा' (१९८२) आम्ही टीव्हीवर पाहिला. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेल यांचा चित्रपट. स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमात नोकरी करायला घर सोडून जाते. आई ताटात गहू घेऊन बसली होती. तिला नुसतं बसून काही पाहायची सवयच नव्हती. चित्रपट संपला तेव्हा ताटातले गहू तसेच होते. उठताना ती एवढंच म्हणाली, "मुलगी तिथेच राहिली." सुलभाचं बरोबर की चूक, यावर ती काही बोलली नाही. गेल्या वर्षी माझ्या लेकीबरोबर तो पुन्हा पाहिला. सुलभा परत घरी येते तिथे लेक म्हणाली, "बाबा, ही परत आलीच कशाला?" आजी आणि नात यांच्या या दोन वाक्यांमध्ये किती अंतर आहे आणि दोघी किती खऱ्या आहेत, याचा विचार करत मी तो लेख लिहिला. पुस्तकातला तो सगळ्यात मोठा लेख आहे.

राजदत्त यांचे 'पुढचं पाऊल' आणि 'माझं घर माझा संसार' हे दोन्ही १९८६चे. सासू, सून, हुंडा, छळ या विषयांच्या चित्रपटांना रडके सिनेमे म्हणून बाजूला सारायची आपल्याकडे सवय आहे. मला ते मान्य नाही. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ हे कलम भारतीय दंडविधानात आलं १९८३ साली. तो कायदा आमच्या चाळीतल्या बायकांपर्यंत वर्तमानपत्रातून पोचला नाही. छळ हा गुन्हा आहे, नशीब नव्हे, ही भावना त्यांच्यापर्यंत पडद्यावरून पोचली. असा सिनेमा झाला की दुसऱ्या दिवशी नळावर कुणाची तरी गोष्ट पहिल्यांदा उघड बोलली जायची. रडणं हा त्या बोलण्याचा पहिला टप्पा होता.

दादा कोंडके यांचे चित्रपट मात्र आई आम्हाला पाहू द्यायची नाही. 'ह्योच नवरा पाहिजे', 'आली अंगावर', 'मुका घ्या मुका' ही नावंही घरात मोठ्याने घ्यायची सोय नव्हती. पण करमाळ्याची आत्या आली की गुपचूप आईला घेऊन जायची. आत्या शेतावर राबणारी, लवकर विधवा झालेली बाई. मोठी माणसं तिच्याशी नेहमी दबक्या आवाजात बोलत. दादांच्या सिनेमाहून ती परत यायची तेव्हा तिचा चेहरा मोकळा झालेला असायचा. मी ते चित्रपट मोठेपणी पाहिले. द्व्यर्थी संवादांपैकी काहींनी मला आज हसू येत नाही. पण ढगळ अर्ध्या चड्डीतला तो बावळट दिसणारा गडी पाटलाला, फौजदाराला, शहाण्यासुरत्याला बोलण्यात गारद करतो, तेव्हा आत्या कशाला हसत होती ते मला कळतं. दादा स्वतः मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वस्तीतून आलेले. त्यांना रंगभूमीवर नाव मिळालं ते वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधून. 'बनवाबनवी'चे संवाद लिहिणारा हात आणि दादांना उभं करणारा हात एकच होता, हे समजलं तेव्हा आईची आवड आणि आत्याची आवड यांच्यातली भिंत माझ्यापुरती पडली.

जे आता खुपतं

पुन्हा पाहताना सगळंच गोड लागलं असं नाही. नायिका नको म्हणते आणि नायक तिच्या मागे मागे फिरतो, याला आम्ही प्रेम समजत होतो. जाड बाई, काळा माणूस, तोतरा नोकर यांच्या अंगावरचे विनोद आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत खऱ्या मुलांवर करून पाहिले, आणि त्या मुलांना काय वाटलं असेल ते आज आठवून मला वाईट वाटतं. तशा जागा मी लेखांत झाकलेल्या नाहीत. जुन्या नोंदींतली माझी तशी वाक्यंही काढून टाकलेली नाहीत. अकरा वर्षांच्या मुलाला जे मजेचं वाटलं ते पन्नाशीच्या माणसाला का खुपतं, हे शोधताना मला माझ्याविषयी आणि माझ्या गावाविषयी बरंच कळलं.

आणि काही ठिकाणी दुःख आहे. रंजना यांचे विनोदी चित्रपट पाहताना, १९८७ मध्ये चित्रीकरणासाठी बंगळूरला जाताना झालेल्या अपघाताने त्यांचं धावणं-नाचणं कायमचं थांबलं, हे विसरता येत नाही. 'बनवाबनवी'तला शंतनू झालेला सिद्धार्थ रे मार्च २००४ मध्ये गेला, परश्या झालेला लक्ष्मीकांत बेर्डे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. त्या दिवशी आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी त्याचा एक संवाद म्हणाला, सगळे हसले आणि मग सगळे एकदम गप्प झाले.

साध्या प्रेक्षकाची बाजू

पुणे हे सिनेमाच्या अभ्यासाचं शहर आहे. प्रभात कंपनीच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, शेजारी १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जगभरचे चित्रपट तिथे जपले आणि शिकवले जातात, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. त्याच शहराच्या पूर्वेच्या टोकाला बसून मला एवढंच सांगायचं आहे, की चित्रपटाची रिळं जशी जपायची असतात तशा प्रेक्षकांच्या आठवणीही जपायला हव्यात. चित्रपट कसा काढला हे लिहिलेलं सापडतं. तो पाहून एका टर्नरचं हसू का थांबलं, एका आईचे गहू का निवडायचे राहिले, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. वाचकाने हे पुस्तक वाचून आपल्या घरातल्या एका तरी म्हाताऱ्या माणसाला 'तू तेव्हा कोणता सिनेमा कुणाबरोबर पाहिलास' असं विचारलं, तर माझी मेहनत कारणी लागेल.

लेख कोणत्याही क्रमाने वाचावेत. आधी चित्रपट पाहून मग लेख वाचला तर जास्त चांगलं. तुमचं आणि माझं मत जुळायलाच हवं असं नाही.

हडपसर आता ओळखू येत नाही. मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेच्या वर एकर जमीन एकत्र करून नगर उभं केलं. जिथे ऊस आणि भाजी होती तिथे संगणकाच्या कंपन्या आहेत. देशभरातली मुलं-मुली तिथे नोकरीला येतात आणि आसपासच्या सोसायट्यांच्या फाटकांवर पाट्या दिसतात, की जागा फक्त कुटुंबाला मिळेल.

आम्ही सातववाडीत दोन गुंठ्यांवर घर बांधलं. वरची खोली भाड्याने देतो. या प्रस्तावनेला बसलो त्या आठवड्यात लातूरकडचा एक मुलगा खोली विचारायला आला. पाठीवर बॅग, चेहरा दमलेला. आईने सवयीने विचारलं, "लग्न झालंय का रे?" तो काही बोलण्याआधी आतल्या खाटेवरून अण्णांचा आवाज आला, "ते विचारू नको त्याला. किल्ली दे."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग ती किल्ली आणायला आत गेली.

हडपसर
गणेश चतुर्थी